लशीच्या आधी टाका

‘स्वादुपिंडाच्या कर्करोगावर लस सापडली’ असा मजकूर मोबाइलवर फिरतो आणि ती कुठे टोचून मिळते, अशी विचारणा होते. लस खरी आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग केंद्रात विनोद बालचंद्रन आणि सहकाऱ्यांनी ती १६ रुग्णांना दिली. ८ जणांच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, गाठीविरुद्ध जाग्या झाल्या. २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने हे छापलं. पण बातमीतून एक गोष्ट हमखास गळते. ही लस ज्याच्या-त्याच्या गाठीवरून बनवतात, म्हणजे गाठ आधी कापून काढावी लागते. आणि निदानाच्या वेळी तसं करणं शक्य असतं पाचांपैकी जेमतेम एका रुग्णात.

गाठ काढण्याच्या त्या शस्त्रक्रियेला नाव मिळालं सर्जन अ‍ॅलन व्हिपल यांचं. बर्लिनच्या वाल्टर काउश यांनी ती १९०९ मध्येच यशस्वी केली होती, त्यांचं नाव मात्र आज क्वचितच घेतलं जातं. व्हिपल यांचा पहिला रुग्ण दुसऱ्याच दिवशी दगावला. टाके होते कॅटगटचे, म्हणजे मेंढीच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याचे. आपण खाल्लेलं मटण पचवतो तोच स्वादुपिंडाचा रस. त्याने टाकेही पचवून टाकले! व्हिपल रेशमाकडे वळले आणि १९३५ मध्ये त्यांनी आपले रुग्ण जगापुढे मांडले. एका साध्या धाग्याने केवढा फरक पडला!

या शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा एवढं काढून उरलेलं पुन्हा जोडतात. स्वादुपिंडाचा जोड आजही गळू शकतो. १९६०-७० च्या दशकांत चारांतला एक रुग्ण इस्पितळातच दगावत असे. जिथे ही शस्त्रक्रिया सतत होते, तिथे हे प्रमाण आता पाच टक्क्यांखाली आहे. पुढची कमाई केमोथेरपीची. २०१८ मधल्या एका चाचणीत शस्त्रक्रियेनंतर चार औषधांचं मिश्रण घेतलेले निम्मे रुग्ण ५४ महिन्यांहून अधिक जगले; जेमसायटाबिन या जुन्या औषधावर हाच आकडा ३५ होता. अर्थात, हे मिश्रण सोसायला तब्येत धडधाकट हवी.

लशीची मोठी चाचणी सुरू आहे आणि तिच्याकडे मीही डोळे लावून आहे. तोवर, वेदना नसताना कावीळ झाली तर ती याच कर्करोगाची खूण असू शकते; झाडपाल्यात आठवडे घालवू नका. निदान झालंच, तर सर्जनना न संकोचता विचारा, ‘तुमच्याकडे वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात?’