'कीटकनाशक आढळले नाही' म्हणजे काय? टीएलसी तपासणी आणि आपली पाण्याची बाटली



मागच्या उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या वरच्या डोहात आपली मासळी पांढरी पोटं वर करून तरंगली, ते कुणी विसरलेलं नाही. कटला, मृगळ तर गेलेच, पण झिंगे, खेकडे, बेडूकसुद्धा काठाला लागले होते. दीड महिन्यानं रिपोर्ट आला. इंग्रजीत एकच ओळ होती, टीएलसी पद्धतीनं कीटकनाशक आढळले नाही. त्यावर ऑफिसात बरीच बोलाचाली झाली. कुणी म्हणालं, वरून दाबलं. कुणी म्हणालं, पैसे चारले. मला तसं वाटत नाही. आपण तिसऱ्या दिवशी कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिक बाटलीत पाव लिटर पाणी आणि कुजायला लागलेले दोन मासे पाठवले होते. पाठवणारा मीच. तेवढ्यात काही सापडलं असतं तर नवल होतं. का, ते समजून घ्यायचं तर ही टीएलसी काय आहे ते आधी बघू.

टीएलसी म्हणजे थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. पोरांच्या वहीवरचा काळ्या स्केचपेनचा ठिपका ओला झाला की कडेनं निळा, गुलाबी, पिवळा फुटतो बघा. काळी शाई एक दिसते, पण आत तीन-चार रंग असतात आणि पाणी चढताना ते वेगवेगळे पळतात. तत्त्व तेच. प्रयोगशाळेत कागदाऐवजी काचेची पट्टी असते, तिच्यावर सिलिका जेल नावाच्या पांढऱ्या भुकटीचा पाव मिलिमीटरचा थर. मासा किंवा पाण्यातून काढलेला अर्क खालच्या बाजूला ठिपक्यासारखा लावतात आणि पट्टीची खालची कड हेक्झेन-अ‍ॅसिटोनसारख्या द्रवात उभी करतात. द्रव थरातून वर चढतो आणि ठिपक्यातले पदार्थ बरोबर ओढतो.

नदीला लोंढा आला की लाकडाचा ओंडका झपाझप पुढं जातो, आणि जाळ्याला, दगडाला अडकणारं मागं राहतं. इथं तसंच. सिलिकाला घट्ट धरणारा पदार्थ खाली राहतो, न धरणारा वर जातो. द्रव १० सेंटिमीटर चढला आणि ठिपका ६ सेंटिमीटरवर थांबला, तर त्याचा आकडा ०.६. प्रत्येक औषधाचा ठरलेल्या द्रवात असा आकडा असतो. पण नुसत्या आकड्यावर कुणी भरवसा ठेवत नाही, हवामानानंसुद्धा तो थोडा हलतो. म्हणून शेजारीच शुद्ध औषधाचा ठिपका लावतात. दोन्ही एकाच उंचीला थांबले आणि एकाच रंगाचे झाले, तर संशय पक्का होत जातो.

रंगाची गोष्ट महत्त्वाची. कीटकनाशकाचा ठिपका बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतच नाही, पट्टीवर काहीतरी फवारून तो उठवावा लागतो. फोरेट, म्हणजे आपल्याकडं उसात टाकायचे ते थिमेटचे दाणे, असेल तर पॅलेडियम क्लोराइडनं पिवळा-तपकिरी डाग उठतो. एंडोसल्फानसारख्या क्लोरीनवाल्या औषधाला सिल्व्हर नायट्रेट फवारून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतात, मग काळपट डाग येतो. एक पद्धत तर मला फारच आवडली. पट्टीवर जनावराच्या काळजाचा अर्क फवारतात आणि नंतर रंग. सगळी पट्टी जांभळी होते, फक्त विषाच्या जागी पांढरा ठिपका राहतो, कारण तिथं त्या विषानं काळजातलं एन्झाइम बंद पाडलेलं असतं. माशाच्या नसांमध्ये हे विष अशाच जातीचं एन्झाइम बंद पाडून त्याला मारतं.

आता यातली मेख बघा. पट्टी विचाराल तेवढंच सांगते. थिमेटसाठीचं रसायन फवारलं आणि पाण्यात सायपरमेथ्रिन होतं, तर पट्टी कोरीच राहणार. रिपोर्टात 'आढळले नाही' लिहिलं जाईल आणि ते खोटंही नसेल. म्हणून आपल्याला कशाचा संशय आहे ते अर्जात लिहायलाच पाहिजे. काठावर रिकामा डबा, पुडी, पिशवी दिसली तर हातानं उचलू नका, आधी फोटो काढा. कंपनीच्या मोठ्या नावाचा उपयोग कमी, खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं तो भाग स्पष्ट आला पाहिजे. आणि डब्यावरच्या त्रिकोणाच्या रंगावर जाऊ नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे माणसाला किती विषारी त्यावरून ठरतात. माशाचा हिशोब वेगळा.

दुसरी मेख मापाची. सायपरमेथ्रिन लिटरमागं काही मायक्रोग्रॅम असलं तरी मासा मरतो. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. पट्टीवर डाग दिसायला साधारण तेवढंच औषध एका ठिपक्यात गोळा व्हावं लागतं. म्हणजे लिटर-दोन लिटर पाण्यातलं सगळं औषध हेक्झेनमध्ये ओढून, आटवून, एका थेंबात आणायचं. पाव लिटरमध्ये हा हिशोब बसत नाही. त्यात प्लॅस्टिकची बाटली. अशी औषधं प्लॅस्टिकला चिकटून बसतात, आणि प्लॅस्टिकमधलेही पदार्थ अर्कात उतरून पट्टीवर नको ते डाग देतात. भर म्हणजे तीन दिवसांचं मे महिन्याचं ऊन. डायक्लोरव्हॉससारखं औषध कोमट पाण्यात काही दिवसांत फुटून जातं. (डायक्लोरव्हॉस आणि फोरेट दोन्हीवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. कुणाच्या खोपीत जुना डबा नसेल असं मात्र मी छातीठोक सांगणार नाही.)

तेव्हा मासे मेलेले दिसले की पहिल्या तासांत काय करायचं? आधी वेळेसकट फोटो आणि व्हिडिओ, मग पोलीस आणि मत्स्य खात्याला फोन. ते येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, चार माणसांसमोर नमुना घ्या. तपकिरी काचेच्या बाटलीत दोन लिटर पाणी, तोंडापर्यंत भरून, झाकणाखाली अ‍ॅल्युमिनियमचा कागद. तडफडणारा किंवा नुकताच मेलेला मासा त्याच कागदात गुंडाळून बर्फात. कुजलेला मासा पाठवू नका. फॉर्मालिन तर अजिबात नको. तळाचा मूठभर गाळ घ्या, सायपरमेथ्रिन गाळाला धरून राहतं. आणि जे आपण कधीच केलं नाही ते म्हणजे बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथं मासे धडधाकट आहेत, तिथलं पाणी आणि एक चांगला मासा. चांगल्या माशाच्या अर्कातही चरबीचे डाग उठतात. तो शेजारी नसेल तर समोरचा वकील म्हणणार, हा डाग चरबीचाच. प्रत्येक गोष्टीची दुसरी जोड सील करून आपल्याकडं बर्फात ठेवा. पंचनाम्यावर, इकडं महजर म्हणतात त्यावर, बाटल्यांचे नंबर आणि वेळ लिहून घ्या.

एक लक्षात असू द्या, सगळी मर विषाची नसते. कारखान्याची मळी किंवा सडका पाला आला की पाण्यातला ऑक्सिजन संपतो. तेव्हा मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात, मोठा मासा आधी जातो, आणि हवेतला श्वास घेणारा मरळ, मागूर बहुधा तगतो. अशा वेळी टीएलसी कोरीच येणार. तिथं सकाळीच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या माणसाकडून ऑक्सिजन मोजून घ्यावा. झिंगे, खेकडे, लहानमोठं सगळं भर दिवसा एकदम गेलं तर मात्र विषाचा संशय धरायचा.

टीएलसी ही पहिली चाळणी आहे, स्वस्त आणि लवकर होणारी. डाग मिळाला तर गॅस क्रोमॅटोग्राफीनं खात्री आणि प्रमाण काढून द्या असं अर्जात मागता येतं, आणि मागावंच. नदीत विषारी पदार्थ सोडायला १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याच्या २४ व्या कलमानं मनाई आहे. पण कलम दाखवून भागत नाही, हातात डाग लागतो.

आणि बायाबापड्यांना हात जोडून सांगणं, तरंगलेला मासा उचलून विकू नका, घरी शिजवूही नका. धुतल्यानं, उकळल्यानं विष जाईल याचा भरवसा नाही. खाऊन कुणाला लाळ, उलटी, घाम सुटला, नजर अंधुक झाली तर तडक दवाखान्यात न्या आणि संशय कशाचा आहे ते डॉक्टरांना सांगा.

दोन लिटरच्या सहा तपकिरी बाटल्या, अ‍ॅल्युमिनियमचा रोल, हातमोजे, लेबलं, लाखेची कांडी आणि थर्माकोलची पेटी ऑफिसच्या मागच्या खोलीत लोखंडी कपाटात ठेवली आहे. एक किल्ली माझ्याकडं, दुसरी बंधाऱ्यावरच्या राखणदाराकडं. बाटल्या पाणी प्यायला कुणी नेऊ नका.

– सेक्रेटरी