हलत्या फळीवर पिल्लू



या पानावर आम्ही एरवी बेणेप्रक्रिया आणि खोडवा यांवर लिहितो. पण गट कार्यालयात बसलो की कुणीतरी विचारतंच, "साहेब, पोरगा मुलुंडला असतो. कुत्र्याचं पिल्लू आणलंय, पण लिफ्टपाशी गेलं की चारी पाय पसरून बसतंय." इकडे वस्तीवर तीच तऱ्हा ट्रॉलीची. म्हणून हा विषय घेतला.

विषय दिसतो तितका किरकोळ नाही. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरला साईदर्शन ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. ढिगाऱ्याखालच्या जिवंत माणसाचा वास काढायला शिकवलेली कुत्री लागतात, आणि ढिगारा तर पायाखाली सरकत असतो. ६ फेब्रुवारी २०२३ ला तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची ज्युली ही लॅब्राडॉर कुत्री तिकडे गेली होती. तिने ढिगाऱ्यात माग लावला आणि सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. पायाखालचं हललं की बिचकणाऱ्या कुत्र्याचं नाक कितीही तिखट असो, काय कामाचं?

पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत नवी गोष्ट लवकर आपलीशी करतं. पुढेही शिकतं, पण वेळ फार लागतो. फुटवे फुटायचा काळ गेल्यावर खत ओतण्यासारखंच ते.

सुरुवात गोणपाटावर करावी. मग घडी केलेल्या गोणपाटावर रुंद फळी, जरा डुगडुगेल अशी. त्यानंतर जुन्या ट्यूबमध्ये अर्धी हवा भरून तिच्यावर फळी. उंची चार बोटांपेक्षा जास्त नको, आणि फळी गुळगुळीत असेल तर वर पोतं गुंडाळावं. फळीवर भाकरीचा तुकडा ठेवून आपण गप्प बसावं. पिल्लू आधी पुढचे दोन पाय ठेवील, तुकडा घेऊन पळेल. पळू द्यावं. उचलून फळीवर ठेवायचं नाही, हेच यातलं मुख्य. आपण ठेवलं तर ते धसका घेतं, स्वतः चढलं तर धीट होतं. शेपूट पोटाखाली गेली, उगाच जांभया देऊ लागलं, की आदल्या पायरीवर यावं. दोन-तीन मिनिटं पुरेत. पुष्कळदा हलण्यापेक्षा फळीच्या खडखडाटालाच ते भितं, म्हणून फळीखाली पोतं हवंच.

मुंबईच्या मंडळींनी लिफ्ट आधी थांबलेली दाखवावी, आत खाऊ द्यावा, बाहेर यावं. मग एकच मजला. लसी पुऱ्या होईपर्यंत पार्व्होच्या भीतीने रस्त्यावर सोडू नये, पण कडेवर घेऊन स्टेशनच्या पुलावर उभं राहायला हरकत नाही. खालून लोकल गेली की पूल हादरतो, तो हादरा पिल्लाला कडेवरूनच ओळखीचा होतो. सरकत्या जिन्यावर मात्र चालवू नये. पंजा सापडतो.

ट्रॉलीचंही तसंच. आधी उभी, मग इंजिन चालू, मग दहा पावलं. चढवताना-उतरवताना उचलून घ्यावं. हाडं पक्की व्हायला वर्ष तरी लागतं, थोराड जातीला त्याहून जास्त. गळ्याच्या पट्ट्याने ट्रॉलीत बांधू नये, उडी मारली तर फास बसतो. आणि मोळ्या भरलेल्या ट्रॉलीवर कितीही तयार झालेलं कुत्रं असलं तरी बसवू नये.