एका रीलचे दोन प्रवास

बंगळूरचे चौडय्या स्मारक सभागृह व्हायोलिनच्या आकाराचे आहे, आणि ज्यांच्या नावाने ते उभे आहे त्या टी. चौडय्या (1895–1967) यांनी आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून या वाद्याच्या चार तारांना आणखी तीन तारांची जोड दिली होती. परंतु हे परदेशी वाद्य दक्षिणेत रुजले ते त्यांच्या जन्मापूर्वीच, मद्रासच्या किल्ल्यातील इंग्रजी बँडच्या सहवासात. कर्नाटक संगीताचे रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे धाकटे बंधू बाळुस्वामी (1786–1858) हे वाद्य शिकले, तर स्वतः मुत्तुस्वामींनी बँडच्या चालींवर संस्कृत शब्द बसवून सुमारे चाळीस ‘नोट्टुस्वर’ रचले.

या नोट्टुस्वरांपैकी ‘जगदीश गुरुगुह’ या रचनेची चाल अभ्यासक ‘लॉर्ड मॅक्डॉनल्ड्स रील’ या स्कॉटिश धुनेशी जोडतात. रील म्हणजे जलद लयीतील समूहनृत्याची धून. हीच धून स्थलांतरितांबरोबर अटलांटिकपार गेली, आणि अमेरिकेतील ग्रामीण फिडलवादकांच्या हाती तिला ‘लेदर ब्रीचेस’ हे रूप मिळाले. फिडल हे वाद्य व्हायोलिनच, फक्त लोकपरंपरेतले. तेथे वादक गजाने एका वेळी दोन तारा घासून खालचा स्वर घुमता ठेवतो आणि नर्तकांची पावले चुकू नयेत म्हणून लय ढळू देत नाही.

दक्षिणेत मात्र धुनेतले नृत्य गळाले आणि त्याच्या जागी स्तुती आली. कर्नाटक वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे टोक पायाच्या घोट्यावर टेकवतो; त्यामुळे वाद्य पेलण्याच्या भारातून मोकळा झालेला डावा हात तारेवर सरकत गमक, म्हणजे स्वराचे आंदोलन, घेऊ शकतो. नोट्टुस्वर नेमके हेच नाकारतात. ते शंकराभरण रागाच्या स्वरांत, म्हणजे पाश्चात्त्य मेजर सप्तकात, बांधलेले असले तरी स्वर सरळ, न हलवता लावावे लागतात, आणि गमकावर पोसलेल्या बोटांना हा सरळपणाच सर्वांत अवघड जातो.

अडचणी येथेच संपत नाहीत. मुत्तुस्वामींच्याच घराण्यातील सुब्बराम दीक्षितरांनी 1905 मध्ये तेहतीस नोट्टुस्वर प्रथमाभ्यासाच्या पुस्तकात छापले आणि त्यामुळे ते टिकले, पण बालपाठ हा शिक्काही त्यांच्यावर बसला. शिवाय मूळ धून ओळखण्यासाठी बहुधा चालींच्या साम्यावरच भिस्त ठेवावी लागते, आणि असे साम्य फसवेही असू शकते. तरीही या रचनांना केवळ मुलांचा खाऊ मानणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. मैफलीत त्यांना पूर्ण मानाचे स्थान मिळायला हवे.