दोघांसाठी एक खोली

प्रवासाला निघणाऱ्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. तिकडे हवा कशी असेल, शाकाहारी जेवण मिळेल का, हातखर्चाला किती पैसे न्यावेत. सहली आखून देणं हा माझा व्यवसाय असल्यानं हे प्रश्न माझ्या रोजच्या परिचयाचे. अलीकडे मात्र आणखी एक प्रश्न विचारला जातो. बहुधा फोनवर, आणि आवाज जरा खाली आणून. ‘‘आम्ही दोघं पुरुष आहोत. तिथं डबल बेडची एकच खोली मागितली तर चालेल ना?’’ कधी विचारणाऱ्या दोन मुली असतात. आज या प्रश्नाविषयीच थोडं बोलायचं आहे.

पर्यटनाच्या जाहिरातींत ‘गे-फ्रेंडली’ असा एक शब्द आढळतो. समलिंगी जोडप्यांना लपवाछपवी न करता जिथं राहता-फिरता येतं, असं ठिकाण, हा त्याचा सरळ अर्थ. पण हा काही सरकारनं दिलेला दर्जा नव्हे. तो शब्द कोणीही आपल्या पाटीवर लिहू शकतो. म्हणून मी तीन गोष्टी पाहायला सांगतो : त्या देशाचा कायदा, हॉटेलची वागणूक आणि रस्त्यावरच्या माणसांची नजर. या तिन्ही गोष्टी जुळून आल्या की काय होतं, ते पाहायचं तर स्पेनमधली बार्सिलोना आणि तिच्या शेजारचं सिट्जेस हे उत्तम उदाहरण.

बार्सिलोनाच्या सान्त्स स्टेशनवरून लोकल पकडली की अर्ध्या-पाऊण तासात सिट्जेस येतं. गाव छोटं. पांढऱ्या भिंतींच्या अरुंद गल्ल्या, समुद्रात घुसलेल्या खडकावर उभं असलेलं जुनं चर्च आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वाळूचे किनारे. या गावाला चारचौघांपेक्षा वेगळ्या माणसांची सवय फार पूर्वीच लागली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सांतियागो रुसिन्योल हा चित्रकार इथं येऊन राहिला. त्यानं एल ग्रेको या जुन्या चित्रकाराची दोन चित्रं विकत घेतली आणि १८९४ साली ती चक्क मिरवणुकीनं गावात आणली! आपल्याकडे पालखी निघावी, तशी. त्याचं ‘काउ फेर्रात’ हे घर आज संग्रहालय आहे. अशा कलावंतांच्या गावात पुढं समलिंगी प्रवासीही रुळले, यात नवल नाही.

पण केवळ ऊन, वाळू आणि कलावंत यांच्यामुळं हे घडलं, असं मात्र समजू नका. १९५४ साली फ्रँकोच्या हुकूमशाही राजवटीनं भटक्या आणि गुंड लोकांसाठी असलेल्या जुन्या कायद्यात समलिंगी व्यक्तींनाही गोवलं. १९७० साली त्याच्या जागी ‘सामाजिक धोका’ ठरणाऱ्यांसाठी नवा कायदा आला. त्याखाली माणसाला नुसत्या असण्याबद्दल डांबून ठेवता येई. एकीकडे परकीय चलनासाठी युरोपभरच्या पर्यटकांना किनारे मोकळे केले होते आणि दुसरीकडे हे चाललं होतं. दक्षिणेतल्या तोर्रेमोलिनोस या किनाऱ्यावरच्या गावात, ‘पासाहे बेगोन्या’ नावाच्या गल्लीतल्या बारवर जून १९७१ मध्ये पोलिसांचा मोठा छापा पडला आणि शंभराहून अधिक लोकांना अटक झाली. प्रवाशांच्या पैशानं दारं उघडतात. पण तेवढ्यानं ती उघडी राहतातच असं नाही.

फ्रँको १९७५ मध्ये वारला. २६ जून १९७७ रोजी बार्सिलोनाच्या ला रांब्ला या प्रसिद्ध रस्त्यावर समलिंगी लोकांच्या हक्कांसाठी हजारो माणसांचा मोर्चा निघाला. पोलिसांनी तो बळ वापरून पांगवला. आज आपले प्रवासी ज्या झाडांच्या सावलीत आइस्क्रीम खात फिरतात, तोच हा रस्ता. १९७८ च्या अखेरीस कायद्यातला तो समलिंगींविषयीचा भाग वगळण्यात आला आणि जुलै २००५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाला. नेदरलँड्स आणि बेल्जियमनंतर असं करणारा स्पेन हा जगातला तिसरा देश.

बार्सिलोनातला एशाम्पला हा भाग एकोणिसाव्या शतकात सेर्दा नावाच्या अभियंत्यानं आखला. चौकोनी वाड्यांच्या सरळ रांगा आणि प्रत्येक चौकात कोपरे कापलेल्या इमारती. त्यातल्या काही गल्ल्यांत समलिंगी वस्तीची दुकानं, उपाहारगृहं इतकी आहेत, की लोक त्या भागाला गमतीनं ‘गेशाम्पला’ म्हणतात. तिथं २००३ साली सुरू झालेल्या एका हॉटेलनं स्वतःला ‘हेटरोफ्रेंडली’ म्हणवून घेतलं. म्हणजे, स्त्री-पुरुष जोडप्यांनो, तुम्हीही या, आमची हरकत नाही! सिट्जेसच्या किनाऱ्यालगत मात्र गुलाबी त्रिकोणाचं एक साधं स्मारक आहे. नाझी छळछावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर हा त्रिकोण शिवत असत. पोहायला जाताना क्षणभर तिथं थांबावं.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. शेंगेन व्हिसासाठी दोघांनी स्वतंत्र अर्ज करायचे. हॉटेलचं आरक्षण एकत्र दाखवता येतं. प्रवासाचा विमा दोघांनी वेगवेगळा काढावा, म्हणजे कुटुंबाच्या व्याख्येवरून वाद नको. परक्या देशात एखाद्याला दवाखान्यात न्यावं लागलं तर कोणाला कळवायचं, कोणाला आत येऊ द्यायचं, हे कागदावर सही करून प्रत्येकानं जवळ ठेवावं. हॉटेलला आधीच लिहून खोली कशी हवी ते स्पष्ट सांगावं. माझ्याकडच्या दोघांना एका शहरात (ते स्पेनमध्ये नव्हे) आरक्षण असूनही ऐन वेळी दोन स्वतंत्र पलंगांची खोली दिली गेली. कारण विचारल्यावर नुसतं हसणं. आणखी एक : युरोपला जाताना पुष्कळदा आखातात विमान बदलावं लागतं. विमानतळावर चार तास बसणं वेगळं आणि तिथं उतरून मुक्काम करणं वेगळं. कतारमध्ये असे संबंध आजही गुन्हा आहेत. मुक्काम टाळलेला बरा. मे, जून किंवा सप्टेंबरमध्ये जावं. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. विवाहाला मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मान्यता मिळाली नाही. गंमत अशी, की महाबळेश्वरला किंवा गोव्याला दोन पुरुषांनी एक खोली घेतली तर सहसा कोणी काही विचारत नाही. मित्र असतील, खर्च वाचवत असतील, असं धरून चालतात. अडचण सुरू होते ती खरं सांगितल्यावर. म्हणजे दार उघडं असतं, पण ते दुसऱ्याच कुणासाठी.

पन्नाशी ओलांडलेलं असं एक जोडपं मागं सिट्जेसला जाऊन आलं. वीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिलेले. काय आवडलं, असं मी विचारलं. मला वाटलं, समुद्राविषयी सांगतील. ते म्हणाले, ‘‘काउंटरवरच्या मुलीनं दोघांचे पासपोर्ट घेतले, एक किल्ली दिली आणि सांगितलं, नाश्ता साडेसातपासून. बस, एवढंच.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)