कालवा, रूळ आणि सायकल

अमेरिकेत कनेटिकट राज्यातील न्यू हेवन या बंदरातून एक वाट उत्तरेकडे जाते. डांबरी, सपाट, फक्त चालणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी. तिच्यावरून कितीही चाललो तरी धाप लागत नाही. आजूबाजूला टेकड्या असूनही वाटेला चढ जाणवत नाही. असे का, हे समजून घ्यायचे तर जवळजवळ दोनशे वर्षे मागे जावे लागेल.

४ जुलै १८२५ रोजी येथे फार्मिंग्टन कालव्याची पहिली कुदळ मारली गेली. (समारंभात गव्हर्नरसाहेबांचे फावडेच मोडले म्हणतात!) १८३५ मध्ये कालवा मॅसॅच्युसेट्समधील नॉर्दॅम्प्टनपर्यंत पोहोचला. कालव्यातले पाणी जवळजवळ सपाट राहिले पाहिजे. म्हणून अभियंत्यांनी टेकड्यांना वळसे घातले आणि जिथे चढ टाळताच आला नाही तिथे लॉक बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला हौद. त्यात पाणी भरले की नाव वर येते, सोडले की खाली जाते. चेशायर गावाजवळचा बारा नंबरचा लॉक आजही वाटेच्या कडेला पाहायला मिळतो.

त्या काळच्या खराब रस्त्यावर एक घोडा जेमतेम टनभर माल ओढी. कालव्याकाठून चालणारा तोच घोडा पंचवीस-तीस टनांची नाव ओढू शके. मात्र पाण्याचा विरोध वेगाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला तर विरोध चौपट! शिवाय लाटांनी काठ ढासळतात. त्यातून हिवाळ्यात पाणी गोठे, भराव फुटत. कालव्याला नफा असा झालाच नाही. १८४६ मध्ये कालव्याच्या कंपनीनेच रेल्वे बांधण्याची परवानगी मिळवली आणि १८४८ च्या जानेवारीत कालव्याच्या मार्गाने गाडी प्लेनव्हिलपर्यंत धावली.

रेल्वेला ही जागा इतकी सोयीची का? सपाट रुळांवर एक टन ओढायला साधारण पाच किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते. शंभरास एक चढ आला की त्यात आणखी दहा किलोग्रॅमची भर पडते, म्हणजे एकदम तिप्पट. आपल्या बोरघाटात सदतिसास एक चढ आहे. तिथे गाडीला मागून जादा इंजिने का लावतात, हे विद्यार्थ्यांना याच हिशेबाने काढायला सांगावे. खेळण्यातली मोटार, फळी आणि ताणकाटा एवढ्यावर प्रयोग वर्गातही होतो.

पुढे १८५० मध्ये या रेल्वेची एक शाखा कॉलिन्सव्हिलला गेली. तिथे १८२६ पासून नदीच्या पाण्यावर कुऱ्हाडींचा कारखाना चाले. तो १९६६ मध्ये बंद पडला. त्याच्या जुन्या इमारतींजवळून आज सायकली जातात.

१९८० च्या दशकात न्यू हेवनकडच्या भागातील गाड्याही थांबल्या आणि देशभर पडणारा प्रश्न येथेही आला: रूळ उखडल्यावर ही चिंचोळी पट्टी कोणाची? बऱ्याच ठिकाणी रेल्वेकडे जमिनीची मालकी नसून केवळ वापराचा हक्क होता. वापर संपला की जमीन शेजाऱ्याकडे परत जाणार. पट्टीचे एकदा तुकडे पडले, की असा सलग सपाट मार्ग पुन्हा मिळणे जवळजवळ अशक्य. १९८३ च्या कायद्याने तोड काढली. पुढे कधी रेल्वे लागेल म्हणून मार्ग राखून ठेवायचा, आणि तोवर त्याची पायवाट करायची. शेजारचे जमीनमालक न्यायालयात गेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. मात्र मालकांना नुकसानभरपाई मागण्याची वाट मोकळी ठेवली.