पूर ओसरला, धास्ती राहिली : मदत फोनवर मिळते

सप्टेंबर २०२५च्या अतिवृष्टीत मराठवाडा आणि सोलापूर जिल्ह्यात अनेकांची घरे, जनावरे, शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. अशा नुकसानीचा पंचनामा होतो. पण ढग दाटले की छातीत धडधडणे, रात्री दचकून उठणे, मुलांनी पुन्हा अंथरूण ओले करणे, घरात दारू वाढणे याची नोंद कुठेच होत नाही.

आपत्तीनंतर असे होणे म्हणजे वेड नव्हे. निवारा, अन्न आणि आपली माणसे मिळाली की बहुतेकजण काही आठवड्यांत सावरतात. मात्र त्रास महिनाभर टिकला किंवा कामधंदा सुचेनासा झाला, तर मदत घ्यावी. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला, तर एक दिवसही थांबू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये.

रस्ता तुटलेल्या गावात मानसोपचारतज्ज्ञ लगेच पोहोचत नाही, फोन पोहोचतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत आहे. मराठीत बोलता येते, बटणांचा साधा फोनही चालतो. आधी प्रशिक्षित समुपदेशक ऐकून घेतात, गरज असल्यास तज्ज्ञांकडे जोडून देतात.

मानसिक आजाराच्या किंवा फिट्सच्या गोळ्या पुरात गेल्या असतील, तर उपचार अचानक तुटू देऊ नका; लगेच सरकारी दवाखाना गाठा. चिठ्ठीचा फोटो आजच काढून एखाद्या नातेवाइकाकडेही पाठवून ठेवा.

खरी अडचण वेगळीच आहे. घरात फोन एकच, तोही बहुधा पुरुषाच्या हाती. शाळेतल्या निवारा छावणीत भिंतीआड बोलायलाही जागा नसते. नवऱ्यासमोर, सासूसमोर बाई मनातले कसे बोलणार? म्हणून विहाराची किंवा समाजमंदिराची एक खोली रोज तासभर मोकळी ठेवा. तिथे चार्जिंगची सोय आणि एक फोन असावा. महिला मंडळातील एखाद्या ताईने दाराबाहेर बसावे, आतले कोणी ऐकू नये, विचारू नये.

शेजाऱ्यांनीही सांभाळून बोलावे. ‘झाले ते विसर’ म्हणू नये, घडलेले पुन्हा पुन्हा सांगायलाही लावू नये. तो बोलला तर ऐकावे, नाही बोलला तर जवळ बसावे आणि तयार असेल तेव्हा नंबर लावून द्यावा.

पुढच्या पावसाळ्याआधी १४४१६ हा क्रमांक विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.