खुणांच्या कागदामागून: मुलांसोबत जंगलातला ‘क्वेस्ट’

चार-सहा वर्षांच्या मुलाला नुसतं ‘चल, फिरून येऊ’ म्हटलं, तर अर्ध्या वाटेत ‘कडेवर घे’ सुरू होतं. तेच मूल हातात खुणांचा कागद आला की मोठ्यांच्या पुढे पळतं. अमेरिकेत व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायरच्या सीमेवरून वाहणाऱ्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात खुणा शोधत जाण्याचा हा ‘क्वेस्ट’चा खेळ चांगलाच रुजला आहे. उन्हाळ्यात मुला-नातवंडांकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनाही त्यातल्या सोप्या वाटा झेपतात.

खेळ असा असतो

कागदावर हाताने काढलेला नकाशा आणि यमक जुळवलेल्या ओळी असतात. एक खूण ओळखली की पुढची वाट कळते. शेवटी झाडाच्या ढोलीत किंवा दगडाआड एक पेटी सापडते. तिच्यात नोंदवही, त्या जागेची माहिती आणि रबरी शिक्का असतो. आपल्या वहीत शिक्का उमटवायचा, नोंदवहीत नाव लिहायचं आणि पेटी होती तशी ठेवायची.

सुरुवात कुठे झाली

इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळरानावर जेम्स पेरट नावाचा वाटाड्या होता. १८५४ मध्ये त्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणारे लोक तिच्यात आपलं कार्ड टाकू लागले. त्यातून ‘लेटरबॉक्सिंग’चा छंद निघाला. १९९५ मध्ये व्हायटल कम्युनिटीज या संस्थेने त्याला स्थानिक इतिहास आणि निसर्गाची जोड देऊन ‘व्हॅली क्वेस्ट’ सुरू केला. त्यातले कित्येक क्वेस्ट शाळकरी मुलांनीच रचले आहेत. पुढे ओरेगॉनच्या किनाऱ्यावरही ही पद्धत गेली. तिथल्या काही वाटा स्टेट पार्कमधून आखल्या गेल्या.

वाटेवर काय वाचायचं

व्हरमाँटच्या दाट जंगलात मधेच दगडी गडगे लागतात. झाडीत कुंपण कशाला, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. १८११ च्या सुमारास विल्यम जार्व्हिस याने पोर्तुगालहून मेरिनो मेंढ्या वेदर्सफिल्ड गावी आणल्या. लोकरीला भाव आला, डोंगर उघडे करून कुरणं झाली, आणि १८४० पर्यंत राज्यात सुमारे १७ लाख मेंढ्या होत्या. पुढे धंदा बसला. कुरणांवर पुन्हा जंगल चढलं, गडगे तेवढे राहिले.

अशा जागेची खूण मराठीत रचायची तर:

दगडावर दगड, ना माती ना चुना,
मेंढ्या गेल्या, उरल्या खुणा;
भिंत ओलांड, डावीकडे वळ,
वीस पावलांवर पाण्याची खळखळ.

झाडंही खुणेला येतात. हेमलॉकचं चपटं, आखूड पान उलटं केलं की खाली दोन बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. पांढऱ्या पाइनच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात असतात. मूल एकदा त्या मोजून बघेल, तर पाइन पुन्हा विसरणार नाही.

कामं वाटून द्या

वाचता येणाऱ्याने ओळी वाचाव्यात, धाकट्याने खूण शोधावी, मोठ्यांनी मागे राहावं. उत्तर आधी दिसलं तरी गप्प बसणं, हे सगळ्यात अवघड काम मोठ्यांच्या वाट्याला येतं. ‘वीस पावलं’ बहुधा मोठ्या माणसाची असतात; मुलाची पावलं तिथवर पोचत नाहीत. म्हणून दोघांनी मोजून फरक बघा. पहिला क्वेस्ट तासाभरात संपेल असाच निवडा.

कधी जावं, काय सांभाळावं

एप्रिलमध्ये बर्फ वितळून वाटांवर चिखल होतो. मेच्या मध्यापासून जूनपर्यंत काळ्या माश्या चावतात. जुलै ते ऑक्टोबरचा पूर्वार्ध सगळ्यात सोयीचा. बऱ्याच पेट्या हिवाळ्यात काढून ठेवतात, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करा. नोव्हेंबरमध्ये शिकारीचा हंगाम असतो. तेव्हा जंगलात जायचंच असेल तर भडक नारिंगी कपडे घाला.

गोचिडीकडे दुर्लक्ष नको. तिच्या चाव्यातून लाइम रोग होऊ शकतो. पँट मोज्यांत खोचा. परतल्यावर मुलांच्या कानामागे, केसांत, काखेत आणि गुडघ्यांच्या मागे नीट बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल किंवा पेटती काडी लावू नका. तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही अंगाला लागली तर खाज सुटून पुरळ उठतं, म्हणून पेटीसाठी झुडपात हात घालण्याआधी पानं बघून घ्या.

पेटी सापडल्यावर

झाकण घट्ट लावा, नाहीतर नोंदवही भिजते. जागा कोणाला सांगू नका. मागून येणाऱ्या मुलांनाही शोधू द्या. दोन-तीन क्वेस्ट झाले की मुलांना आपल्या सोसायटीचा किंवा गावचा क्वेस्ट रचायला सांगा. पाच खुणा पुरतात, पण त्या लवकर न हलणाऱ्या हव्यात: जुनी विहीर, पार, पायऱ्या, शिलालेख. मग तो कागद जागा माहीत नसलेल्या पाहुण्याच्या हाती द्यायचा. तो जिथे अडेल, ती ओळ मुलांनी पुन्हा लिहायची.